दरवाजावाल्या पिक्चरचा चार्ज

शामराव मेश्रामांना आपल्या बायकोचा पहिल्यांदा संशय आला तेव्हा ते सत्तरीला टेकले होते. या वयात माणसाला फार तर साखरेचा संशय यावा, फारच झालं तर प्रोस्टेटचा. शामरावांना आला तो कांताबाईंचा. त्याला कारण झाला एक इंग्रजी सिनेमा. तो शामराव जन्मण्याच्या आधी काळ्या-पांढऱ्यात तयार झाला होता आणि त्यातल्या एकाही माणसाने भिलाईचं नाव ऐकलेलं नव्हतं.

सिनेमाचं नाव ‘अ डोअर ऑन हार्बर लेन’. मेश्रामांच्या घरात त्याला ‘दरवाजावाला पिक्चर’ म्हणत. मुलगी सुजाता लहान असताना तिला झोपवायला शामराव हीच गोष्ट सांगत. इतर मुलांच्या वाट्याला राजा-राणी यायचे, सुजाताच्या वाट्याला टोपीवाला डिटेक्टिव्ह, बेपत्ता नवरा आणि धुकं आलं. ती आता पुण्यात नोकरी करते आणि दिवा लावून झोपते. या दोन गोष्टींचा संबंध अजून कोणी लावलेला नाही.

यंदा तिने कुठून तरी त्या सिनेमाची नवी, धुऊनपुसून लख्ख केलेली डिस्क शोधून काढली आणि बापाच्या वाढदिवसाला पाठवली. सोबत ती चालवायचं यंत्र, आणि एक छोटं पुस्तक. त्यात या सिनेमातल्या सावल्यांवर विद्वानांनी पानंच्या पानं लिहिली होती. पार्सल भिलाईला, हुडको कॉलनीतल्या घरी आलं तेव्हा कांताबाईंनी ते उलटसुलट करून पाहिलं आणि काहीच बोलल्या नाहीत. हे शामरावांना नंतर आठवलं. एरवी त्या पार्सलच्या रिकाम्या खोक्याबद्दलही दोन वाक्यं बोलत.

शामरावांना मात्र धीर नव्हता, कारण तो सिनेमा त्यांनी अर्धाच पाहिलेला होता.

जवळपास चाळीस वर्षांपूर्वीची गोष्ट. शामराव तेव्हा भिलाई स्टील प्लँटच्या रेल मिलमध्ये क्रेन ऑपरेटर होते. लग्नाला वर्ष व्हायचं होतं. टाउनशिपच्या सेक्टरातल्या क्वार्टरांमध्ये टीव्ही आले होते, पण व्हीसीआर रविवारी भाड्याने आणायचा, दिवसभर पिळून घ्यायचा आणि संध्याकाळी परत करायचा, अशी रीत होती. एका रविवारी तो मेश्रामांकडे आला. शामरावांनी मारधाडीची कॅसेट मागितली होती. व्हिडिओ लायब्ररीवाल्या भैय्याजीने दिली तीही मारधाडीच्याच खोक्यात. आतून निघाला हा टोपीवाला. सोबत नाचगाण्याची एक हिंदी कॅसेट होती, ती उरल्या वेळासाठी.

भर दुपारी खिडकीला चादर टाचून अंधार केला. बघायला तिघं: शामराव, कांताबाई आणि शेजारच्या क्वार्टरमधला देवाजी रंगारी. देवाजी त्याच क्रेनवर शामरावांच्या आधीच्या पाळीला असायचा. त्याची बायको रुक्मा माहेरी तुमसरला गेली होती आणि त्याची त्या दिवशी सुट्टी होती.

पहिल्याच दृश्यात ओल्या रस्त्यावर दिव्याचा लांबट पट्टा पडला आणि एका माणसाची सावली त्या माणसाच्या आधी चालत आली. शामरावांना वाटलं, हे आपण पाहिलंय. मग लक्षात आलं, रोजच पाहतो. रात्रपाळीला क्रेनच्या केबिनमधून मिल अशीच दिसे. खाली सगळं काळं, मधूनच तापलं लोखंड रोलमधून सुटायचं आणि कोणाचा तरी अर्धा चेहरा उजळायचा. उरलेला अर्धा काय करतोय हे वरून कळत नसे. आपल्या नोकरीचा कोणी सिनेमा काढलाय, आणि तोही साहेब लोकांनी, याचा त्यांना अभिमान वाटला. बोललेलं त्यांना निम्मं कळलं, पण सावल्या सगळ्या कळल्या.

गोष्ट सोपी होती. एक डिटेक्टिव्ह, त्याच्या ऑफिसातला भागीदार दोस्त, आणि तोंडावर जाळी पाडलेली टोपी घातलेली एक बाई, जिचा नवरा बेपत्ता आहे. बाई सिगारेट ओढते आणि प्रश्नाला उत्तर म्हणून धूर सोडते. शोधता शोधता डिटेक्टिव्ह हार्बर लेनमधल्या एका दारापाशी येतो. दाराखाली उजेडाची फट. फटीत दोन बुटांची सावली. आत कोणीतरी उभं आहे. डिटेक्टिव्ह दाराच्या मुठीवर हात ठेवतो, मूठ फिरवायला लागतो, आणि शामरावांची सेकंड शिफ्टची वेळ होते.

बूट चढवता चढवता शामराव काहीतरी म्हणाले. काय, ते त्यांना आता आठवत नाही. देवाजीला मात्र त्यांनी बजावलं की शेवट नीट पाहा आणि उद्या मला चार्ज दे. जिन्यात बायका सुपं घेऊन तांदूळ निवडत बसल्या होत्या. खालच्या मजल्यावरच्या सिंधुताईंनी ‘निघाले का भाऊ ड्यूटीले?’ असं इतक्या आनंदाने विचारलं की शामरावांना आपण लोकप्रिय असल्यासारखं वाटलं.

आता चार्ज म्हणजे काय, ते सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावरच लटकलेलं आहे. क्रेनवर पाळी बदलते तेव्हा उतरणारा माणूस चढणाऱ्याला तोंडी सांगतो: ब्रेक कसा धरतोय, कुठला हुक अडतोय, कुठे जपायचं. चढणारा ‘घेतला’ म्हणतो. झालं. कागद नाही, सही नाही. त्या एका शब्दावर तो तापलं लोखंड माणसांच्या डोक्यावरून पलीकडे नेतो. शामरावांनी आयुष्यभर ते देवाजीच्या शब्दावर नेलं. सवय म्हणून मोटरच्या अंगाला उलटा हात लावून बघत, गरम आहे की थंड, आधीच्या पाळीने काम किती काढलंय. पण तो देवाजीवरचा अविश्वास नव्हता, नमस्कारासारखं काहीतरी होतं. केबिनमध्ये खोटं बोलायचं नाही, हा त्या दोघांचा नियम. केबिनबाहेर देवाजी बऱ्यापैकी खोटं बोलत असे.

दुसऱ्या दिवशी दोनच्या ठोक्याला देवाजीने ब्रेकचा चार्ज दिला, हुकाचा दिला आणि मग पिक्चरचा दिला. दारामागे त्या बाईचा नवराच होता. जिवंत. दुश्मनांच्या भीतीने लपून राहिला होता. बाई एकदम निर्दोष, बिचारी त्याची वाट पाहून राहिली होती. डिटेक्टिव्ह टोपी काढतो, सलाम करतो आणि धुक्यात निघून जातो. शामराव ‘घेतला’ म्हणाले. घरी कांताबाईंना विचारलं, तर त्यांनीही हेच सांगितलं, टोपीसकट.

हा शेवट शामरावांनी चाळीस वर्षं जपला. सुजाताला सांगितला, मिलमध्ये सांगितला, निवृत्तीच्या भाषणात सुद्धा टोपी काढून निघून जाण्याचा उल्लेख केला आणि लोकांना तो समजला नाही. कॅसेट पुन्हा मिळावी म्हणून भैय्याजीकडे खेटे घातले, पण ती गेली एवढंच तो सांगायचा.

तेव्हा आता डिस्क आल्यावर ती देवाजीसोबत बघायची, हे ठरलेलंच होतं. देवाजी भिलाईतच, जुनवानीत राहतो. पहिल्या रविवारी त्याने मोतीबिंदूचे थेंब सांगितले. दुसऱ्या रविवारी पुतण्याच्या पोराचं बारसं सांगितलं. तिसऱ्या रविवारचं तो आधीच सांगायला लागला तेव्हा कांताबाई गवार निवडता निवडता म्हणाल्या, राहू द्या ना, कावून पाहता, शेवट तं माहीत हाये. त्या वेळी कूलरच्या जाळीतून येणारे उजेडाचे पट्टे त्यांच्या चेहऱ्यावर आडवे पडले होते. शामरावांना वाटलं, हे आपण पाहिलंय.

त्या बुधवारी दुपारी कांताबाई विहारात महिला मंडळाच्या मीटिंगला गेल्या. शामरावांनी पडदे ओढले, बाबासाहेबांच्या फोटोसमोरचा दिवा विझवला आणि डिस्क लावली.

नवी प्रत बघून ते हरखले. कॅसेटमध्ये जे राखाडी पाणी होतं ते इथे खरंखुरं काळं होतं, त्यात खोली होती. भिंतीवर सावली पडली की भिंतीचे पोपडे दिसत होते. बाईच्या टोपीची जाळी मोजता आली असती. भैय्याजीच्या कॅसेटने त्या काळी केवढं गिळलं होतं! डिटेक्टिव्ह बाईशी बोलतो तेव्हा मागच्या काचेत भागीदार दोस्ताचा चेहरा कायम असतो, हे त्यांना आत्ता दिसलं. दाराखालच्या फटीतले बूट काळे-पांढरे दुरंगी होते, हेही आत्ताच दिसलं. आणि असे बूट सिनेमात आधी कोणाच्या पायात होते, हे त्यांना आठवायला लागलं.

मूठ फिरली. दार उघडलं. आत डिटेक्टिव्हचा दोस्त होता.

त्याच्या मागे ती बाई होती आणि टोपीची जाळी वर करत होती. नवरा बिचारा पहिल्या रिळापासून बंदराच्या तळाशी होता. दोस्ताने सिगारेट विझवली आणि काहीतरी म्हटलं. खाली अक्षरं उमटली. त्यांचा अर्थ असा होत होता की तुला कधी कळणारच नव्हतं, तू कायम ड्यूटीवर.

शामरावांनी तेवढा भाग मागे नेऊन पुन्हा पाहिला. मग पुन्हा. नंतर टीव्ही बंद करून ते काळ्या काचेतल्या स्वतःकडे बघत बसले.

देवाजीने केबिनमध्ये खोटा चार्ज दिला होता. कांताने त्याला दुजोरा दिला होता. दोन माणसं एकच खोटं शब्दाला शब्द लावून बोलतात, ती आधी एकत्र बसलेली असतात; एवढं डिटेक्टिव्हगिरीचं ज्ञान शामरावांनी अर्ध्या सिनेमातूनच कमावलं होतं. राहता राहिलं कारण. दोघांनी हा शेवट पाहिला, दोघांना तो झोंबला, आणि दोघांनी मिळून तो बदलला. का झोंबावा? सोबतच्या पुस्तकात एका विद्वानाने लिहिलंच होतं की या जातीच्या सिनेमात गुन्हेगार नेहमी चहा प्यायला घरी येणाऱ्यातलाच असतो, किंवा अशा अर्थाचं काहीतरी. देवाजी चाळीस वर्षं चहा प्यायला येत होता. साखर जास्त.

त्या दिवसापासून शामरावांचं घर काळं-पांढरं झालं. रुक्मा वारल्यापासून देवाजीसाठी अधूनमधून डबा जायचा, त्यात शामरावांना कधी काही वावगं वाटलं नव्हतं. आता त्यांनी डबा उघडून पाहिला. देवाजीच्या जवसाच्या चटणीवर तेल होतं. त्यांच्या स्वतःच्या चटणीवर नव्हतं. डॉक्टरने तेल बंद केलं होतं हे खरं, पण डॉक्टर ही सोय असू शकते. देवाजीचा फोन आला की कांताबाई बोलत बोलत बाल्कनीत जात. घरात रेंज येत नाही, असं त्यांचं म्हणणं. शामरावांनी त्या नसताना बैठकीत उभं राहून वीजखात्याला फोन लावला. व्यवस्थित लागला.

एकदा बाल्कनीच्या दाराआडून त्यांना स्पष्ट ऐकू आलं. कांताबाई म्हणत होत्या, ‘नाई जी भाऊजी, त्याईले अजून काई समजलं नाई. तुमी फकत येऊ नका.’

शामराव तसेच मागे सरले आणि पायपुसण्यावर अडखळले. सिनेमातले लोक मागे सरताना कशावरही अडखळत नाहीत.

पुरावा हवा होता. शामरावांनी स्कूटर काढली आणि कुरुदला भैय्याजीकडे गेले. भैय्याजीची लायब्ररी कधीच बुडाली. आता तो कुरुदकडे प्लॉट विकतो, आणि शामराव प्लॉट घ्यायला आले असं समजून त्याने नकाशा पसरून झाडांच्या जागाही दाखवल्या. शामरावांनी विषय कॅसेटवर आणला. एवढ्या वर्षांपूर्वीच्या एका कॅसेटचं याला काय आठवणार, असं त्यांना वाटत होतं. पण भैय्याजीचा चेहरा कसनुसा झाला. ती कॅसेट तो जन्मात विसरणार नव्हता.

“मेश्राम जी, आप ही के घर से लौटी थी. बीच में रोकी हुई. रिवाइंड तक नहीं किया आप लोगों ने,” तो म्हणाला. “उसके बाद किसी ने ली नहीं. तो हमने उसी पे साले की शादी टेप कर ली. जहाँ रुकी थी, वहीं से. आज भी ससुराल में लगाओ तो पहले टोपीवाला घूमता है, घूमता है, फिर दरवाजे पे हाथ रखता है, और अंदर से हमारा साला घोड़ी पे बैठ के निकलता है.”

सासरी त्याला यावरून अजून टोमणे बसतात, असंही त्याने सांगितलं. ते शामरावांच्या कानात शिरलं नाही. म्हणजे दारावर हात असतानाच कॅसेट थांबली होती. शेवट कोणी पाहिलेलाच नव्हता. आपण जिना उतरलो आणि यांनी सिनेमा बंद केला. खिडकीला चादर टाचलेली. रुक्मा तुमसरला. मशीन संध्याकाळी परत गेली. मग तोवर, दुपारभर, त्या अंधाऱ्या खोलीत चाललं काय होतं?

परतताना त्यांनी सुपेल्याच्या सिग्नलला लाल दिवा पाहिला, हिरवा पाहिला आणि परत लाल पाहिला. मागच्या माणसाने हॉर्न वाजवणं सोडून दिलं होतं.

तिसरा रविवार तसाच गेला. चौथ्या रविवारी त्यांनी देवाजीला फोन केला. सिनेमाचं नावही काढलं नाही. कूलरचा पंप बसलाय, एकट्याने निघत नाही, एवढंच. पंप बसला म्हटल्यावर देवाजी घरी थांबणारा माणूस नव्हता. पेचकस आणि पक्कड घेऊन तो दुपारीच हजर झाला, दारातून ‘जयभीम’ घातला आणि पाहिलं तर कूलर मजेत चाललेला, पडदे ओढलेले, टीव्हीवर ओला रस्ता. त्याने कांताबाईंकडे पाहिलं. कांताबाईंनी देवाजीकडे पाहिलं. शामरावांनी दोघांकडे पाहिलं, कारण त्यांनी आपली खुर्ची टीव्हीकडे नव्हे, दिवाणाकडे तोंड करून लावली होती.

“बस देवाजी,” ते म्हणाले. “तू बी बस, कांता. चहा नंतर.”

तासभर तिघंही बसले. दोघं सिनेमा बघत होते आणि तिसरा त्यांना. काळा-पांढरा उजेड त्यांच्या तोंडावर हलत होता. देवाजीच्या डोळ्याला धार लागली होती, ती मोतीबिंदूची की मनाची, हे ठरवता येत नव्हतं. कांताबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या, सोडत होत्या. बाईने धूर सोडला की त्या किंचित मान हलवत, पसंती दिल्यासारखी. टोपीवाला दाराशी आला. फटीत बूट दिसले. मुठीवर हात पडला. शामरावांनी रिमोट दाबला आणि चित्र थांबवलं.

“दरवाज्यामांगं कोण हाये, देवाजी?”

देवाजीने घसा साफ केला. “नवराच तं होता ना तिचा.”

“केबिनची आण घेऊन सांग.”

देवाजी पकडीकडे बघत राहिला. शामरावांनी मग रिमोट पुन्हा दाबला. या क्षणाची त्यांनी आठवडाभर तालीम केली होती: दार उघडेल, दोस्त दिसेल, बाई दिसेल, आणि या दोघांची तोंडं पांढरी पडतील. पुस्तकातल्या विद्वानानेही तसंच सांगितलं होतं.

दार उघडलं.

“आँ,” देवाजी म्हणाला. “हा तं त्याचा दोस्त होय.”

“अन् नवरा?” कांताबाई पुढे सरकल्या. “नवरा कुठं गेला मंग?”

“मेला वाटते, वहिनी. हे पाहा, पाण्याचं बोलून राहिला तो.”

“अगंबाई. अन् हे सटवी त्याच्या संगं? मी तं तिले चांगली समजत होती.”

शामराव बघतच राहिले. समोरची दोन तोंडं पकडल्या गेलेल्या माणसांची नव्हती. ती पहिल्यांदा सिनेमा बघणाऱ्यांची होती, उघडी पडलेली, आणि एवढं नाटक देवाजीला येत असतं तर तो क्रेनवर आयुष्य काढून निवृत्त झाला नसता. विद्वानांनी या शक्यतेबद्दल काहीच लिहिलेलं नव्हतं.

“तुमी पाहिलाच नाई शेवट,” शामराव म्हणाले. “कॅसेट इथंच थांबवली होती. मी गेलो अन् बंद केली. कावून?”

देवाजीने कांताबाईंकडे पाहिलं. ‘सांगून टाका भाऊजी’, त्या म्हणाल्या, ‘आता काय लपवता.’

मग देवाजीने जे सांगितलं ते असं. शामरावांचा बूट शेवटच्या पायरीवरून उतरायची खोटी, सिंधुताईंनी वर आवाज दिला की गेले रे. जिन्यातल्या बायका तांदूळ निवडत नव्हत्या. निवडलेलाच तांदूळ तासभर परत परत निवडत होत्या, कारण घरचा धनी इंग्रजी पिक्चर घेऊन बसलाय आणि नाचगाण्याची कॅसेट नुसती पडून आहे, हे सगळ्या ब्लॉकला ठाऊक होतं. अर्धा ब्लॉक आत आला. पोरं आली, म्हातारे आले, कोणाकडे वर्ध्याहून आलेले पाहुणे आले. टोपीवाल्याचा हात मुठीवर असताना कॅसेट निघाली आणि नाचगाणं चढलं. ते दोनदा पाहिलं, गाणी तर किती वेळा त्याचा हिशेबच नाही. देवाजीने स्वतः एका गाण्यावर पाय हलवले. मशीन न्यायला भैय्याजीचा माणूस आला त्याला सुद्धा मुरमुरे देऊन बसवून ठेवला.

“अन् सांजच्याले मले याद आली का उद्या तुले चार्ज द्या लागते,” देवाजी म्हणाला. “पसीना सुटला मले. वहिनीले म्हटलं, काय सांगू. वहिनी भाकरी थापून राहिली होती. भाकरी थापता थापताच पूरा शेवट सांगतला तिनं. टोपी-बिपी सगळं तिचंच. आता डिस्क आली तं आमी म्हटलं, मेले.”

शामरावांच्या छातीवरून काहीतरी उतरायला लागलं होतं, पण पूर्ण उतरलं नाही. ज्याने आयुष्यभर लोखंड उचललंय त्याला शेवटचा कण उतरल्याशिवाय हुक सोडता येत नाही.

“केबिनमंदी झूट बोल्ला तू मले.”

“क्रेनचा चार्ज मी तुले कधी झूटा देल्ला का? सांग.” देवाजीचा आवाज पहिल्यांदा चढला. “एक बी दिवस? पिक्चरचा चार्ज वहिनीचा होता. मी फकत पुढं देल्ला.”

हे तांत्रिकदृष्ट्या बरोबर होतं. शामरावांनी मोर्चा कांताबाईंकडे वळवला. ठीक आहे, शेवट रचला. पण तोच का? नवरा जिवंत, बाई निर्दोष, हेच का सुचलं?

कांताबाईंनी पदराचं टोक बोटावरून सोडलं. टीव्हीवर ती बाई जाळी वर करून थांबलेली होती, कारण शामरावांचा अंगठा पुन्हा रिमोटवर पडला होता.

“तुमी निंगता निंगता काय म्हटलं होतं, याद हाये?”

शामरावांना याद नव्हतं.

“बूट घालता घालता म्हटलं. ‘बाईच होय. बाईनंच केलं असन.’ तिचा नवरा हरवला, ते रडून राहिली, अन् तुमी तिनं सिगारेट ओढली म्हणून तिच्यावरच बोट ठेवलं. मले या घरात येऊन वर्ष नोतं झालं. तुमी आठ-आठ घंटे ड्यूटीवर, मी एकटी घरी. मी म्हटलं, ह्या माणसाच्या डोक्यात हे राहू द्यायचं नाई. म्हणून बाईले सोडवलं मी.” त्यांनी शामरावांकडे मान वळवली. “आता सांगा. दहा दिवसापासून माह्याकडं असे पाहून राहिले तुमी, डबे उघडून राहिले. कोणावर होता संशय? त्या बाईवर का माह्यावर?”

शामरावांनी रिमोट शोधायला सुरुवात केली. दिवाणावर बघितलं, खुर्चीखाली बघितलं. रिमोट हातातच होता.

देवाजी हळूच म्हणाला की पंप पाहून घेतो एकदा, आणि चालत्या कूलरचा पंप बघायला उठला.

शामरावांना माफी मागायची होती, पण त्यांच्या पिढीला आणि त्यांच्या खात्याला ती तोंडी मागायची सवय नव्हती. त्यांनी उठून चहा टाकला. चहा टाकताना साखर शोधायला सहा डबे उघडले, सातवा कांताबाईंनी बसल्या जागेवरून सांगितला. देवाजीच्या कपात साखर जास्त घातली. संध्याकाळी जेवताना आपल्या चटणीवर तेल नाही याबद्दल ते एक अक्षर बोलले नाहीत. कांताबाईंचं बोलणं पुढचे तीन-चार दिवस पातळच राहिलं, पाण्यासारखं, चव नसलेलं.

शनिवारी शामरावांनी स्वतःच देवाजीला फोन करून बोलावलं. पिक्चर पाहू म्हणाले, उद्या, परत. देवाजीने विचारलं, अजून? शामराव म्हणाले, हो.

रविवारी पडदे ओढले गेले. या वेळी खुर्ची टीव्हीकडे होती. रस्ता ओला झाला, सावली माणसाच्या आधी आली, बाईने धूर सोडला आणि शामरावांनी काच, बूट, भिंतीचे पोपडे सगळं पुन्हा मनापासून पाहिलं. टोपीवाला दाराशी आला. मुठीवर हात ठेवला.

शामरावांनी रिमोट दाबून चित्र थांबवलं, उठले आणि चपला शोधायला लागले.

“कुठं चालले?” कांताबाईंनी विचारलं.

“मार्केटात. साखर संपली.”

साखर संपली नव्हती, हे आता त्यांच्यासकट घरात सगळ्यांना माहीत होतं. चपला चढवता चढवता ते थांबले. थांबलेल्या मुठीकडे त्यांनी एकदा पाहिलं.

“बाईनं काई केलं नसन,” ते म्हणाले. “देवाजी, शेवट नीट पाह्य. मी आलो का चार्ज दे.”

हुडकोच्या मार्केटात त्यांनी साखर घेतली, तरीही वेळ उरला म्हणून कोथिंबीर घेतली, आणि एका हेल्मेटवाल्याशी बिनकामाची घासाघीस केली. ऊन तापलं होतं, सावल्या पायाखाली आखूड होऊन बसल्या होत्या, सिनेमाला एकही उपयोगाची नव्हती. तास-दीड तासाने परत आले तेव्हा दार नुसतं लोटलेलं होतं. आतून हसण्याचा आवाज आला आणि त्यांची चाहूल लागताच थांबला. शामराव दारात क्षणभर उभे राहिले. मग ढकलून आत गेले.

देवाजी दिवाणावर ताठ बसला होता. कांताबाई टीव्हीच्या बाजूला उभ्या होत्या, आणि त्यांचा पदर कमरेला खोचलेला होता. टीव्ही बंद.

“नवराच होता,” देवाजी म्हणाला. “जिवंत. बाईनं काईच केलं नोतं. टोपी काढली त्यानं, अन् गेला.”

शामरावांनी साखरेची पिशवी खाली ठेवली. जाता जाता त्यांनी सुजाताने पाठवलेल्या यंत्राला उलटा हात लावला, अगदी सहज, मोटरला लावत तसा. यंत्र थंड होतं. टीव्ही मात्र चांगलाच तापलेला होता, आणि त्याच्या बाजूला कांताबाईंचा मोबाईल वायरीने जोडलेला होता, त्यावर एक नाचगाणं अर्ध्यात थांबलेलं.

त्यांनी हात मागे घेतला.

“घेतला,” ते म्हणाले.